होआ लूची कावड

डॉक्टरांनी दादाला आराम सांगितला होता, म्हणून मी त्याला व्हिएतनामला घेऊन गेले.

हसू नका. अमरावतीतल्या आमच्या बैठकीत, पंख्याखाली बसून, ही कल्पना अगदी शहाणपणाची वाटली होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. राहतो अकोल्याला, जुन्या शहरात. वय बासष्ट. आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केली, पण तुम्ही त्याला विचारलंत की तू काय करायचास, तर तो सांगेल, "कावड उचलत होतो." श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी गांधीग्रामहून खांद्यावर घेऊन राजेश्वराच्या देवळात आणतात, अनवाणी, ढोलाच्या तालावर. आमच्या दादाने एकतीस वर्षं मंडळाच्या कावडीला खांदा दिला. उजव्या खांद्यावर बोराएवढा घट्टा आहे. लोक पाहुण्यांना मुलांची सर्टिफिकिटं दाखवतात, हा शर्टाचं बटन काढून घट्टा दाखवतो.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत दुखलं आणि स्टेंट बसवावा लागला. डॉक्टर घरी सोडताना म्हणाले, "जड उचलू नका." तीनच शब्द! पण माझ्या वहिनीने त्या तीन शब्दांचा ग्रंथ केला. सिलिंडर जड. बादली जड. पाण्याचा तांब्या जड. गादीची घडीसुद्धा जड! श्रावण आला तेव्हा मंडळाच्या पोरांनी दादाला 'मार्गदर्शक' केलं. म्हणजे गळ्यात एक उपरणं घातलं आणि रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्याच्यासमोरून त्याची कावड गेली. दादा घरी आला, हातपाय धुतले, आणि तेव्हापासून त्याचं बोलणं जवळजवळ बंदच झालं. टीव्ही लावायचा आणि भिंतीकडे पाहायचा.

आता माझा स्वभाव असा, की मला शांत बसवतच नाही. दुसऱ्याचं दुःख दिसलं की मी बॅगा भरायला लागते. चार महिने मी अकोल्याला फोन करून त्याला 'मन रमव, मन रमव' म्हणून त्याचं डोकं खाल्लं, आणि मग एका टूरवाल्याचं पत्रक माझ्या हाती लागलं. त्यात होतं, "होआ लू, व्हिएतनामची हजार वर्षांपूर्वीची राजधानी. डोंगरांच्या कुशीत राजांची शांत देवळं. ज्येष्ठांसाठी उत्तम." शांत हा शब्द मी पेनाने अधोरेखित केला.

वहिनीला यायचं नव्हतं, मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं. निघायच्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बेबीबाई, मी यायले तुमच्या भरोशावर पाठवून राह्यली. यायले काई उचलू देजा नोका."

"नाही देनार, वहिनी."

"शपथ?"

"शपथ."

"कोनाची?"

मी घाईत होते. दारात माझे यजमान बिस्कीट खात उभे होते. "यांची!" म्हटलं.

"माझी काहून?" हे तिथूनच म्हणाले, आणि दुसरं बिस्कीट घेतलं. (आमच्या घरात अस्वस्थ व्हायचं सगळं खातं माझ्याकडे आहे. यांना फक्त भूक लागते.)

आम्ही तिघं हनोईला उतरलो, आणि तेव्हापासून मी पहारेकरी झाले. चार बॅगा मी ओढल्या. दादाने खिशातला चष्मा काढला तरी मी दचकून पाहायची, की किती वजनाचा आहे. रोज सकाळी वहिनीचा व्हिडिओ कॉल. "यायचे हात दाखवा!" मग मी फोन फिरवून दादाचे रिकामे हात दाखवायची. दादा कैद्यासारखे पंजे वर करायचा. दोन दिवसांत तो एकूण अकरा वाक्यं बोलला असेल, त्यातली सहा 'नाही' होती. तळ्याकाठी नेलं, तो तळ्याकडे पाहत बसला. कठपुतळ्यांच्या खेळाला नेलं, तो शेजारच्या खांबाकडे पाहत बसला. "मजा येऊन राह्यली न दादा?" मी दर दहा मिनिटांनी विचारायची. शेवटी तो म्हणाला, "बेबी, तू थोडी बस. तुले पाहून मलेच धाप लागते."

तिसऱ्या दिवशी होआ लू. हनोईहून दोन तासांचा रस्ता. आमची गाईड लान नावाची, चाळिशीची, हसतमुख बाई. तिच्याकडे दोनच उत्तरं होती, 'नो प्रॉब्लेम' आणि 'व्हेरी लकी'. गाडी वळली, समोर काळे उभे डोंगर, मधे हिरवी भातशेती... आणि माणसं! हजारो माणसं. झेंडे, ढोल, लाल-पिवळे झगे, फुगेवाले, उसाचा रस.

"हे काय आहे?" मी किंचाळले.

"फेस्टिव्हल, मॅडम! राजाच्या देवळाचा उत्सव. वर्षातून एकदा. व्हेरी लकी!"

पत्रकातला 'शांत' शब्द मी डोळ्यांसमोर आणून पाहिला. अधोरेखित होता.

 ढोल म्हटलं की दादाचे पाय आपोआप हलतात हे मला माहीत होतं. म्हणून मी सगळ्यांना लगबगीने देवळात घातलं. चांगला गुडघ्याएवढा उंच उंबरठा होता, त्यावर पाय न देता ओलांडायचा. आत अंधार, उदबत्त्यांचा धूर, सोन्याच्या रंगाचा राजा बसलेला. समोर नैवेद्य. केळी, मिठाईचे डबे आणि बियरचे कॅन, मनोऱ्यासारखे रचलेले!

दादा वाकून पाहत होता. "बेबी, हे बियर हाय?"

"हो वाटतं."

"देवाले?"

"राजा होता नं तो, दादा."

"हं." दादाने हात जोडले. "यायचा राजा मोकळा मानूस दिसते."

तीन दिवसांतला पहिला विनोद! मला भरून आलं. मग लानने राजाची गोष्ट सांगितली. लहानपणी तो म्हशी राखायचा. गवताच्या तुऱ्यांचे झेंडे करून गावातल्या पोरांच्या लढाया लावायचा, आणि पोरं हाताची खुर्ची करून त्याला उचलून नाचवायची. मोठा झाला तेव्हा भांडणारे बारा सरदार वठणीवर आणून सगळा मुलूख एक केला, आणि इथे, या डोंगरांत, राजधानी बसवली. मी ते जमेल तसं वऱ्हाडीत सांगितलं. दादा कान देऊन ऐकत होता.

"म्हशी राखे? मंग हा आपलाच हाय." आणि त्याने राजाला दुसऱ्यांदा नमस्कार केला.

इथपर्यंत सगळं छान होतं. इथेच मी सगळ्यांना गाडीत बसवायला हवं होतं. पण लान हसतमुखाने म्हणाली, "आता मिरवणूक येईल. नदीचं पाणी आणतात. पालखीतून, खांद्यावर, राजाच्या देवळात."

मी भाषांतर केलं नाही. शपथेवर सांगते, एक अक्षरही बोलले नाही. पण लानने बोलताना हाताने नदी दाखवली, मग भांडं दाखवलं, मग स्वतःचा खांदा थोपटला.

दादाची मान हळूच वळली. "काय म्हनते थे?"

"काही नाही. जेवायचं विचारते."

"खांदा काहून दाखवला?"

"खांदा दुखते तिचा."

"बेबी." दादाने माझ्याकडे पाहिलं. आमची आई पाहायची तसं, मी साखर खाल्ल्यावर. "पानी आनते का नदीचं?"

"...हो."

"किती लांबून?"

"मले नाही माहीत! चल, ऊन झालं, जेवून घेऊ!"

पण आता ढोल जवळ आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक उभे राहिले. आधी झेंडे, मग कागदी ड्रॅगन नाचवणारी माणसं, मग पिवळ्या लांब झग्यातल्या बायका डोक्याशी फळांची ताटं धरून, आणि मग ती लाल पालखी. तिच्यात पाण्याचं मातीचं भांडं, आणि दोन्ही बाजूंना म्हातारे-कोतारे, पागोटी बांधलेले, घामाघूम. मी दादाचा दंड घट्ट धरून ठेवला.

"पाय चुकून राह्यले यायचे," दादा पुटपुटला. "तो समोरचा डावा पाय टाकते अन् मागचा उजवा. पानी हिंदळन."

"हिंदळू दे. त्यांचं पाणी आहे."

"असं कसं? देवाचं पानी होय."

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. वहिनी! मी फोन काढायला दंड सोडला. दोन सेकंद. फार तर तीन. फोन सापडला, पण वहिनीला हात दाखवायचे तर हातवाला हवा, म्हणून मी वळले, तर शेजारी दादा नव्हता. फोन मी तसाच वाजता यांच्या हातात कोंबला. हे उसाचा रस पीत होते.

"दादा कुठी हाय?"

"तिकडे."

"तिकडे कुठी?"

यांनी रसाचा घोट गिळला. "पालखीखाली."

समोरचा एक म्हातारा गुडघा धरून रस्त्याच्या कडेला बसला होता, आणि त्याच्या जागी, त्याचंच लाल पागोटं डोक्यावर ठेवून, अकोल्याचा माणूस उभा होता. कुणी त्याला बोलावलं, कसं बोलावलं, कोणत्या भाषेत, मला आजपर्यंत कळलेलं नाही. दादाने दांडा उजव्या खांद्यावर नेमका त्या घट्ट्यावर घेतला, मान झटकली आणि कावडीची आरोळी दिली, "हर्र बोला...!"

आणि त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी, अर्थ न कळता, "होऽ!" केलं.

मी धावले. माझं वय चौपन्न, वजन विचारू नका, पायात नव्या सँडल. दोरी ओलांडून मी थेट मिरवणुकीत घुसले. पिवळ्या झग्यातल्या बायकांना वाटलं, ही पण भाविक आहे. एकीने प्रेमाने हसून माझ्या हातात एक ताट दिलं. ड्रॅगन फ्रूट, केळी, वर नारळ. नैवेद्याचं ताट! खाली कसं ठेवणार? आणि हातात ताट घेऊन माणूस किती जोरात धावू शकतो ते एकदा करून पाहा.

"दादा! खाली ठेव!" मी मागून ओरडले.

ढोलवाल्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि त्या तालावर दोन ठोके दिले. ढुम ढुम.

"दादा, खाली ठेव!"

ढुम ढुम.

पुढच्या पाच मिनिटांत पिवळ्या झग्यांची अख्खी रांग माझ्यामागे ओरडत होती, "दादा खाऽली थेव!" ढुम ढुम! "दादा खाऽली थेव!" ढुम ढुम! लोक टाळ्या वाजवत होते. पालखीचे पाय आता जुळले होते, दादा डावा-उजवा डावा-उजवा करत त्यांना घेऊन चालला होता, आणि जितकं मी ओरडावं तितकी ती पालखी वेगाने पळत होती. एक सँडल गेली. मी वळून पाहिलं नाही. मला फक्त दादाच्या पाठीवरचा घामाचा डाग दिसत होता, आणि मनात एकच चालू होतं, आता पडतो, आता पडतो, आता पडतो. मी खरंच रडत होते. ताट धरलेलं, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

आणि मिरवणुकीच्या बाजूबाजूने, रसाचा ग्लास सांभाळत, माझे यजमान आरामात चालत होते. दुसऱ्या हातात माझा फोन. समोर धरलेला. चालू!

"हे पाहा वहिनी," हे सांगत होते, "कशी झकास मिरवणूक हाय!"

"जवाईबापू," फोनमधून वहिनीचा आवाज आला, "थो पागोटंवाला कोन जी? चालीवरून आमच्या यायच्यासारखा दिसते."

"असन कोनी," हे म्हणाले.

"अन् थे मांगून बोंबलत कोन येऊन राह्यली?"

"थे बेबी."

फोनमधून वहिनीच्या हातून तांब्या पडल्याचा आवाज आला. अकोल्याहून व्हिएतनामपर्यंत ऐकू येईल असा.

देवळात, राजासमोर पालखी टेकली तेव्हा मी तीन पावलं मागे होते. दादा सरळ उभा राहिला, पागोटं काढलं, आणि मोठा श्वास घेतला. मी ताटासकट त्याच्यावर झेपावले, पण मधे तो उंबरठा होता. बाकीचं काय सांगू? नारळ आधी आत गेला, मग केळी, मग मी. एक ड्रॅगन फ्रूट गडगडत राजाच्या बियरपर्यंत पोचलं.

मला उचलून प्रथमोपचाराच्या तंबूत नेलं. मी नर्सला हातवारे करून सांगितलं की आधी माझ्या भावाचं हृदय तपासा. नर्सने दादाचं बीपी पाहिलं, नाडी पाहिली, अंगठा वर केला. मग सहज माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, आणि घाईघाईने मला आडवं केलं.

तंबूच्या दाराशी तो गुडघेवाला म्हातारा आला होता, आपलं पागोटं न्यायला. त्याने दादाकडे बोट करून छातीवर हात ठेवला, काहीतरी विचारलं. "माझ्या भावाच्या छातीत स्टेंट आहे," मी पडल्यापडल्या लानला सांगितलं, "म्हणून मी पळत होते." तिने म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्याने आपल्या झग्याची बटनं सोडली. छातीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत शिवणीची लांब खूण होती. दादाने वाकून ती नीट पाहिली. मग आपलं मनगट पुढे केलं, जिथून त्याचा स्टेंट आत घातला होता. तिथे तर काहीच दिसत नाही! दादा जरा ओशाळला, आणि त्याने शर्टाचं बटन काढून खांद्यावरचा घट्टा दाखवला. म्हाताऱ्याने स्वतःचा खांदा उघडा केला. तसाच. बोराएवढा.

दोघं बराच वेळ एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. 

मग दादा माझ्या खाटेशी येऊन बसला. "रडू नको वं. मी पहिले त्या नर्सबाईसारखीच नाडी पाहून घेतली होती आपली. अन् आठ जन होते, माझ्या वाट्याले काय आलं? दोन बादल्या." त्याने शर्टाचं बटन लावलं. "त्या खुर्चीवर बसवलं न मले पोरायनं, बेबी, तवा वाटलं का आता आपन फक्त पाहाचे धनी. खाली ठेव म्हनत होती तू, पन मी त खूप दिवसानं उभा राह्यलो होतो."

 पहिल्यांदाच मी काही न करता पाच मिनिटं पडून राहिले. (नर्सने उठू दिलं नाही, हेही खरं.)

फोन अजून चालूच होता. यांनी तो माझ्या कानाशी धरला. मी डोळे मिटले. "वहिनी, मी..."

"बेबीबाई," वहिनीचा आवाज कोरडा होता. "एकच सांगा. पानी सांडलं का?"

"नाही. एक थेंबही नाही."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मंग ठीक हाय. यायले म्हना, जेवून घ्या."

अकोल्याला परतल्यावर दादाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रागावले, पुन्हा तपासलं, आणि म्हणाले, हलकं ओझं थोडं थोडं घ्यायला हरकत नाही. दादा आता मंडळाच्या नव्या पोरांना पाय जुळवायला शिकवतो, खुर्चीवरून उठून. दिवसभर बोलतो. वहिनी म्हणते, "पहिले बरे होते!"

आणि मी? आठवड्याभराने लानने मला एक फोटो पाठवला. तिथल्या कुठल्याशा पेपरात छापून आलेला. पालखी नाही, दादा नाही, ड्रॅगन नाही. फक्त मी! एक पाय अनवाणी, हातात ताट, तोंड उघडं, डोळ्यांतून धारा. खाली व्हिएतनामीत चार ओळी. मी लगेच विचारलं, काय लिहिलंय? लानने कळवलं, "राजाच्या भक्तीत देहभान विसरलेली भारतातली एक वृद्ध महिला."

भक्ती मी मान्य केली. देहभानाचंही सोडून दिलं. पण 'वृद्ध'? मी लानला लिहिलं, बाई, हा शब्द नीट तपासून सांग, भाषांतरात काहीतरी चूक झालेली दिसते.

दुसऱ्या दिवशी तिचं प्रामाणिक उत्तर आलं. "सॉरी मॅडम, माझीच चूक. मी आजीला विचारलं. बरोबर शब्द 'अतिवृद्ध' आहे."